कणकेची सवय बाजूला ठेवा : चीज-हर्ब स्कोनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, लेकीने इंग्लंडहून चीज स्कोनची, म्हणजे यीस्टशिवाय फुगवलेल्या छोट्या ब्रिटिश पावाची, कृती पाठवली. त्यात ‘सेल्फ रेझिंग फ्लोअर’ लिहिलं होतं, मी आपला मैदा घेतला. बाकी सगळं वजनकाट्यावर मोजून घातलं. पीठ छान मऊ मळलं, अर्धा तास झाकून ठेवलं, लाटून वाटीने गोल कापले आणि ओटीजीत (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजले. फुगले नाहीत, चिवट झाले. चव मात्र सगळ्यांना आवडली. माझं कुठे बिनसलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : चव आवडली, म्हणजे चीज आणि मीठमसाला बरोबर पडला होता. बिघडलं ते मैद्यात आणि मळण्यात.

आधी मैदा. ब्रिटनमध्ये सेल्फ रेझिंग फ्लोअर म्हणून जे पीठ मिळतं, त्यात फुगवणारी पावडर आधीच मिसळलेली असते. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स नावाच्या बेकरने १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं. तिकडच्या घरांत ते पीठ आता इतकं रुळलंय की बऱ्याच कृतींमध्ये बेकिंग पावडरचा वेगळा उल्लेखच नसतो. आपला मैदा साधा. त्यामुळे तुमच्या पिठाला फुगवणारं काही मिळालंच नाही. २२५ ग्रॅम मैद्याला मोजायच्या चमच्याने सपाट तीन टीस्पून बेकिंग पावडर घाला आणि दोन्ही एकत्र दोनदा चाळा. डबा जुना असेल तर थोडी पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर नवी आणा. फसफस मंद असेल तर आणखी एक चमचा घालून भागवू नका, स्कोनला कडवट, साबणासारखी चव येते.

आता मळणं. आपल्याकडे कणीक जितकी तिंबाल तितकी पोळी मऊ, हे लहानपणापासून हातात मुरलेलं असतं. पोळीसाठी ते खरंच आहे. तिंबल्याने गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाची ताणली जाणारी जाळी तयार होते आणि पोळी न फाटता पातळ लाटता येते. स्कोनला ती जाळी नकोच असते. ती तयार झाली की पीठ वर येण्याऐवजी आखडतं, आणि भाजल्यावर चिवट लागतं. म्हणून दूध घातल्यावर पीठ फक्त गोळा करायचं. सुरीने ढवळून ओलं करा, मग हाताने दोन-चार वेळा दुमडून एकत्र आणा आणि थांबा. गोळा खडबडीत दिसेल, कुठे कोरडं पीठ दिसेल, बोटांना थोडं चिकटेल. तसाच हवा. गुळगुळीत करायचा मोह होईल, तो टाळा.

झाकून ठेवायचंही कारण नाही. बेकिंग पावडर ओली झाल्या झाल्या कामाला लागते. अर्धा तास थांबलात तर तिचा बराचसा जोर ओट्यावरच संपतो. पीठ भिजवायच्या आधी ओटीजी लावा, निदान पंधरा मिनिटं, वरखालचे दोन्ही रॉड चालू ठेवून, २२० अंशांवर. गोळा झाला की कापून लगेच आत.

लोण्याचंही सांगते, कारण तिथेही आपली सवय आड येते. करंजीला, शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. स्कोनला लोणी फ्रीजमधलं, घट्ट आणि गार हवं. मैद्यात ते बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तो जास्त गरम असतो. जाडसर रव्यासारखं दिसू लागलं की पुरे, एखादा मुगाएवढा खडा राहिला तरी चालेल. हे न वितळलेले कण पिठाला एकजीव होऊ देत नाहीत. भट्टीत गेल्यावर ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि स्कोन आतून मऊ आणि भुसभुशीत होतो. एप्रिल-मेमध्ये लोणी हातातच विरघळायला लागतं. तेव्हा ते फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसा आणि मैदा, परातसुद्धा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा.

लाटणं घेऊच नका. तळहाताने थापून जाडी बोटाच्या एका पेराएवढी ठेवा, म्हणजे अडीच सेंटिमीटर. पातळ थापलेला स्कोन कितीही नीट भाजला तरी उंच होत नाही. वाटीची कड बोथट असते, ती पिठाच्या कडा दाबून बंद करते आणि स्कोन एका बाजूला कलतो. धारदार कडेचा साचा मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला, फिरवू नका. खरं तर मी साचा वापरतच नाही. आम्ही एडिंबरोला राहत असताना खालच्या मजल्यावरच्या एका वयस्कर बाईंकडे मी स्कोन शिकले. त्या गोळ्याचा जाड गोल थापायच्या आणि मोठ्या सुरीने त्याचे त्रिकोणी तुकडे करायच्या. असं केलं की उरलेलं पीठ पुन्हा गोळा करायची वेळच येत नाही. साच्याने कापल्यावर उरलेल्या चोथ्याचे स्कोन नेहमी थोडे चिवट होतात, कारण ते दोनदा हाताळले जातात.

आता पूर्ण माप लिहून ठेवा. मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर तीन टीस्पून, मोहरीची पूड अर्धा टीस्पून, चिमूटभर तिखट, गार लोणी ५० ग्रॅम, जाड किसलेलं चीज १०० ग्रॅम आणि वर पेरायला थोडं जास्तीचं, बारीक चिरलेला ताजा पाला दोन मोठे चमचे, गार दूध साधारण १२५ मिलिलिटर. दूध एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे हातात राखून ठेवा. पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, ते लागतही नाहीत. लोणी अमूलसारखं खारं असेल तर वेगळं मीठ नको. आधी लोणी चोळा, मग चीज आणि पाला मिसळा, दूध सगळ्यात शेवटी. तुकडे ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, एकमेकांच्या आधाराने ते वर चढतात. वरून दुधाचा हात फिरवा, कडेवरून ओघळू देऊ नका. चीज पेरा आणि १२ ते १५ मिनिटं भाजा. छोट्या ओटीजीत तळ लवकर करपतो, तसं होत असेल तर एका ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा.

मोहरी बघून तुम्हाला नवल वाटेल, पण ती गाळू नका. इंग्लंडमध्ये चीज स्कोनमध्ये पिवळी मोहरी पूड आणि केयेन या तिखट लाल मिरचीच्या पुडीची चिमूट पूर्वापार घालतात. भट्टीच्या उष्णतेने मोहरीचा झणका निघून जातो, मागे जी थोडी तीव्रता उरते ती चीजची चव उठावदार करते. लोणच्यासाठी आणतो ती मोहरीची डाळ मिक्सरमध्ये कोरडीच फिरवा, काम होतं.

प्रश्न : मी मँचेस्टरला राहते. सासूबाई-सासरे महिनाभर येताहेत, दोघंही कडक शाकाहारी, अंडंही चालत नाही. चीज स्कोन करावेत असं फार मनात आहे. कुठलं चीज घेऊ? अंड्याशिवाय स्कोन होतात का? – एक वाचक

उत्तर : स्कोनच्या पिठात अंडं लागतच नाही. बरेच जण वर चकाकी यावी म्हणून लावतात. तुम्ही दूध लावा, नाहीतर चमचाभर क्रीम दुधात कालवून लावा, रंग सुंदर येतो.

चीजचं मात्र नीट बघायला हवं, आणि हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. दूध विरजवून चीज करताना रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पाचक रस, लागतो. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरतात, त्यामुळे ब्रिटनमधलं पुष्कळसं चेडर, म्हणजे तिथलं नेहमीचं घट्ट चीज, शाकाहारी असतं. पण पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या. पार्मेझान हे इटालियन चीज स्कोनवर किसून टाकायची सूचना अनेक कृतींत असते, तिकडे वळू नका. पार्मिजानो रेज्जानो या मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या पार्मेझानला वासराचंच रेनेट लागतं, तसा त्याचा नियम आहे. भारतातल्या वाचकांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघावा.

तुम्ही चेडरच्या मुलखातच आहात. ज्याच्या नावावरून ते ओळखलं जातं ते चेडर गाव सॉमरसेटमध्ये आहे. ‘मॅच्युअर’ किंवा ‘एक्स्ट्रा मॅच्युअर’ घ्या. कोवळं चेडर पिठात हरवून जातं. मुरलेलं चेडर कमी घातलं तरी बोलतं. किसलेल्या चीजचं तयार पाकीट घेऊ नका. तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यात स्टार्च घातलेला असतो, आणि तसंही लादीवरून आत्ता किसलेल्या चीजचा वास त्याला येत नाही.

हाच प्रश्न इथल्या वाचकांचाही असतो, म्हणून जोडून सांगते. आपल्याकडे क्यूबमध्ये मिळतं ते प्रोसेस्ड चीज. त्याने स्कोन होतात, पण चव सौम्य आणि खारट येते, म्हणून मोहरी थोडी वाढवा आणि मीठ पूर्ण वगळा. चेडरची लादी मिळत असेल तर तीच आणा, पैसे सार्थकी लागतात. मोझरेला नको. त्यात पाणी जास्त आणि चव कमी. पिझ्झ्यावर त्याची तार चांगली दिसते, स्कोनच्या आत त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : चाइव्हज, थाइम आमच्या गावात मिळत नाहीत. बाटलीतले सुके हर्ब घालू का? आणि किती? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सुके घालायचे तर ताज्याच्या एक तृतीयांश, आणि आधी कोमट दुधात भिजवून ते दूध पुन्हा गार करून घ्या, नाहीतर तोंडात काड्या येतात. पण चिपळूणमध्ये राहून बाटलीकडे कशाला जायचं?

चाइव्हज कांद्याच्याच कुळातले. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग अगदी बारीक चिरून घातला तर मला तो चाइव्हजइतकाच आवडतो. थाइमचा जो वास आहे तो मुख्यतः थायमॉल या सुगंधी घटकाचा, आणि तेच थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर आहे. अर्धा टीस्पून ओवा तळहातावर चुरडून घाला. चीज आणि ओवा ही जोडी इतकी जमते की घरी थाइमची कुंडी असूनही मी पुष्कळदा ओवाच घालते. परसात पानओवा असेल तर दोन पानं पुरेत. ती मांसल असतात, चिरल्यावर कापडात दाबून पाणी काढून टाका, नाहीतर पीठ सैल होतं.

शेपू जरूर करून बघा. युरोपात डिल आणि चीज ही जुनी ओळख आहे आणि आपला शेपू डिलचाच जवळचा भाऊबंद. भाजी म्हणून शेपूला नाक मुरडणारी मुलं हे स्कोन मागून खातात, हे माझ्या घरात घडलेलं आहे. कोथिंबीर मात्र नको. भट्टीत तिचा वास उडून जातो, नुसते काळपट ठिपके राहतात. तीन-चार प्रकारचा पाला एकत्र घालू नका. एक निवडा, फार तर दोन.

प्रश्न : मी खोलीवर राहते, माझ्याकडे एक शेगडी आणि भाकरीचा लोखंडी तवा एवढंच आहे. ओव्हनशिवाय स्कोन होतील का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : होतील, आणि तुला वाटतं त्यापेक्षा अस्सल होतील. घरोघरी ओव्हन येण्याआधी स्कॉटलंडमध्ये स्कोन ‘गर्डल’वरच भाजत. गर्डल म्हणजे चुलीवर ठेवायचा जाड, सपाट लोखंडी तवा. बेकिंग पावडर तर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८४३ साली केली, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी. त्यामुळे तुझ्याकडे तवा आहे म्हणजे काहीतरी कमी आहे असं अजिबात समजू नकोस.

माप वरचंच निम्मं कर. चीज बारीक किस आणि सगळं पिठाच्या आत घाल, वर पेरू नकोस, तव्याला लागलं की जळतं. गोल थाप, पण जाडी दीड सेंटिमीटरच ठेव, म्हणजे मध्यभाग कच्चा राहणार नाही. चार तुकडे कर. तवा मध्यमपेक्षा कमी आचेवर चांगली पाच मिनिटं तापू दे. चिमूटभर मैदा टाकून बघ, तो लगेच काळा पडला तर तवा फार तापलाय, सावकाश बदामी झाला तर बरोबर. तेल-तूप लावू नकोस, मैदा भुरभुरव. एका बाजूने पाच-सहा मिनिटं, उलटून तितकीच. शेवटी तुकडे कडेवर उभे करून कापलेल्या बाजूही भाजून घे, तिथेच पीठ ओलं राहतं. काढल्यावर स्वच्छ पंच्यात गुंडाळून ठेव, साल मऊ राहते. घरी ताक असेल तर दुधाऐवजी आंबट ताक वापर आणि बेकिंग पावडर कमी करून तिच्या जोडीला दोन चिमटी खाण्याचा सोडा घाल. तव्यावरच्या स्कोनला ताकाचा आंबूसपणा फार शोभतो.

प्रश्न : सकाळच्या डब्यासाठी आदल्या रात्री करून ठेवले तर चालतात का? मैद्याऐवजी कणीक वापरता येईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्या आणि दूध एक-दोन चमचे वाढवा, कोंडा पाणी पितो. पूर्ण कणकेचे जड होतात, मी करत नाही.

रात्री भाजलेला स्कोन सकाळी कोरडा पडलेला असतो. त्यापेक्षा कापलेले कच्चे तुकडे ताटात वेगवेगळे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग पिशवीत भरा. सकाळी ओव्हन तापला की गोठलेलेच आत ठेवा, वितळवू नका. तीन-चार मिनिटं जास्त लागतात. तोवर डब्याची बाकीची तयारी होते. झाकण मात्र लगेच लावू नका, वाफ धरून स्कोन चिकट होतो. आधी जाळीवर दहा मिनिटं निवू द्या, मधून सुरीने न कापता हाताने उकला, लोणी लावा आणि मग भरा.