19 टॉवेल परत आले, म्हणून फोन काढून घेतलात?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आहे. चादर-टॉवेलचं 22 वर्षांचं दुकान, मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत त्याने आपणहून ऑनलाइन टॉवेल विकले. 60 पार्सलं गेली, 19 परत आली. ते लिहितात, 'ऑनलाइनने आमचा धंदा खाल्ला. आता पोराने त्याच कंपन्यांची पार्सलं वाहायची का? पुण्याच्या एमपीएससी क्लासची फी भरली आहे. तो जात नाही, त्याला समजवा.'

नमस्कार.

समजवायचं तर आहे, पण तुम्हाला. फी भरण्याआधी त्याला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. उलट 'तेव्हापासून फोन माझ्याकडेच ठेवलाय' हे वाक्य आहे. वीस वर्षांच्या मुलाचा फोन! गिऱ्हाईक तुटल्याचा राग मी समजू शकतो, पण तो निघतोय पोरावर.

तुम्हीच जाता जाता लिहिलंय की परत आलेल्या प्रत्येक टॉवेलचं कारण तो वहीत टिपून ठेवतो. 11 'माप लहान वाटलं', 5 'रंग फिका', 3 पार्सलं गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवली. म्हणजे 19 पैकी 11 टॉवेल फोटोशेजारी माप ठळक न लिहिल्यामुळे आले. तुम्ही याला नुकसान म्हणता. मला तर हा पोरगा धंदा शिकताना दिसतो.

आता तुमचा गैरसमज. ऑनलाइन म्हणजे एक तर दुकानाचं मरण, नाही तर पाठीवर बॅग घेऊन गाडी हाकणं, असं तुम्ही धरून चाललाय. भीती अगदीच खोटी नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2020-21 मधले गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे लोक, 77 लाख धरले होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असा अंदाज होता. पण 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे लोक नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचेच. हातात आलेल्या पैशातून पेट्रोल, टायर आणि गाडीचा हप्ता वजा केल्यावर उरतं ते उत्पन्न, आणि त्यात पीएफ नाही. भिवंडीच्या गोदामांतही बरीच भरती ठेकेदारामार्फत, सणापुरती. या कामाला मीही त्याला पाठवणार नाही. पण दुकान आणि गिऱ्हाइकाचं दार यांच्यामध्ये आणखी कामं आहेत: मालाची यादी आणि फोटो, साठ्याचा मेळ, परतीचा हिशोब, कंपनीने कमिशन किती कापलं, जीएसटीखाली कंपनीने विक्रीतून आधीच कापलेला कर, म्हणजे टीसीएस, आपल्या खात्यात दिसतो का. छोट्या विक्रेत्यांचे पैसे इथेच गळतात, आणि हे बघणारा बी.कॉम.चा पोरगा त्यांना सहसा सापडत नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर ज्याला द्यायची आहे त्याने द्यावी. फीचे पैसे परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या. बी.कॉम. मात्र पूर्ण झालंच पाहिजे. 55 टक्के पडले तर सीएची पहिली, फाउंडेशनची परीक्षा न देता इंटरमीजिएटला थेट नोंदणी करता येते. ते त्याचं तो ठरवेल.

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय मानांकन, म्हणजे त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख, आहे. तुमच्या दुकानाच्या पाटीवर तरी ते लिहिलंय का?

आज फोन परत द्या. सहा महिने आणि थोडं भांडवल द्या, आकडा दोघांनी बसून ठरवा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. त्या 5 फिक्या टॉवेलांचा फोटो ट्यूबलाइटखाली काढला होता का, हे मला त्याच्याकडूनच ऐकायचंय.