सात वर्षांची ताईही लहानच आहे

‘मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा दीड वर्षाचा. तो तिच्या वह्या फाडतो, मांडलेली भातुकली उधळतो. सासूबाई म्हणतात, “तू मोठी ना, देऊन टाक त्याला.” परवा तिने त्याला वळ उठेल असा चिमटा काढला. मी तिला फटका दिला. तेव्हापासून ती रात्री अंथरूण ओलं करते. ती भावाचा दुस्वास करायला लागली आहे का?’
– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

नाही, हा दुस्वास नाही. तिची वस्तू गेली आणि वर ऐकूनही तिलाच घ्यावं लागलं. असं रोज झालं तर कुणीही चिडेल.

धाकटाही मुद्दाम छळत नाही. दीड वर्षाच्या मुलाला ‘हे दुसऱ्याचं’ ही कल्पनाच नसते. कागद टर्रकन फाटतो, त्या आवाजाचीच त्याला मजा. ‘नको’ कळलं तरी हात आवरणं त्याला जमत नाही, आणि वाटून खेळायला तो शिकेल ते अजून दोनेक वर्षांनी, हळूहळू. तोवर सगळं समजून घेण्याचं काम एकट्या मुलीवर टाकू नका. ते तिच्या वयाला पेलणारं नाही.

कपाटाचा एक वरचा कप्पा फक्त तिचा करा. वह्या, रंग, मणी, भातुकली, सगळं त्यात. बारीक वस्तू धाकट्याच्या घशात अडकू शकतात. खेळण्यांतले बटणासारखे सेल तर फारच घातक, गिळले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. म्हणजे या कप्प्याने दोघांचंही भलं होईल. तिचा अभ्यास टेबलावर किंवा पलंगावर होऊ दे, जमिनीवर नको. दुपारी तो झोपला की भांडी राहू द्यात आणि थोडा वेळ तिच्याजवळ बसा. तेव्हा त्याचा विषय काढू नका.

फटक्याबद्दल तिच्याशी बोला. ‘मी मारायला नको होतं. चिमटाही चालणार नाही. तो त्रास द्यायला लागला की मला हाक मार, मी येते.’ आणि हाक आली की खरंच जा, तव्यावर पोळी असली तरी गॅस बंद करून जा. दोन-तीनदा तुम्ही आला नाहीत, तर ती पुन्हा चिमट्यावरच येईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. नातीला गोष्ट सांगून झोपवण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा. ‘आई, तिला तुमचीच गोष्ट हवी असते,’ असं म्हणा. ‘त्याला देऊन टाक’ म्हणणारी आजी आपल्याही वाट्याला येते, हे मुलीला फार हवं असतं.

अंथरुणाचं मात्र नुसत्या मनस्तापावर सोडू नका. कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर ताणाबरोबरच लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, क्वचित मधुमेह हीही कारणं असतात. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लघवी तपासून घ्या. ती हे मुद्दाम करत नाही, म्हणून चादर बदलताना बोल लावू नका आणि पाहुण्यांसमोर तर विषयच नको. ती सारखं पाणी मागत असेल, वारंवार लघवीला जात असेल, वजन उतरलेलं दिसत असेल, तर आठवड्याचीही वाट न पाहता आजच डॉक्टरांकडे न्या.