माळावर मुरूम, ओढ्याकाठी काळी: माती येते कुठून आणि जाते कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगोला भागात माळावरच्या तुमच्या रानात वीतभर माती आणि खाली मुरूम, तर त्याच उताराच्या तळाशी ओढ्याकाठी चुलत्यांच्या रानात दोन पुरुष खोल काळी माती. खडक दोन्हीकडे सारखाच. मग एवढा फरक का, आणि जेसीबी लावून मुरूम फोडला तर त्याची माती किती वर्षांत होईल?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, कारण खर्च तिथे होणार आहे. मुरूम फोडून त्याची माती तुमच्या हयातीत होणार नाही, नातवंडांच्याही नाही. फोडण्याचा फायदा वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

तुमच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. पाणी आत शिरतं ते या भेगांतून. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते मुळातच किंचित आम्लधर्मी. मातीतून झिरपताना त्यात आणखी भर पडते, कारण मुळं आणि जिवाणू श्वास घेत असतात आणि मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट ते शंभरपट असू शकतो. हे पाणी खडकातल्या खनिजांमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं. मागे राहिलेल्या सिलिका आणि ॲल्युमिनापासून चिकणमातीची सूक्ष्म खनिजं बनतात. लोह गंजतं, म्हणून मुरूम तांबूस-पिवळट दिसतो.

नव्या विहिरीच्या कडेला हे सगळं उघडं दिसतं. भेगांनी तुटलेल्या चौकोनी ठोकळ्याचा कोपरा तीन बाजूंनी झिजतो, सपाट अंग एकाच बाजूने, त्यामुळे ठोकळा हळूहळू गोल होतो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. आत टणक गोटा, भोवती मुरूम, वर माती. मुरूम म्हणजे माती होण्याच्या वाटेवर अर्ध्यात असलेला खडक. ऊन-थंडीने दगड तडकतो हेही खरं, पण आपल्याकडे मोठं काम पाणीच करतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगतो. खडक उघडा पडला की तो जास्त झिजेल असं वाटतं. होतं बहुधा उलटं. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये युटातल्या हेन्री पर्वतांच्या अभ्यासात हे मांडलं होतं: उघड्या खडकावरून पाणी पडताक्षणी निघून जातं, त्याला काम करायला वेळच मिळत नाही. वर थोडी माती असेल तर ती ओल धरून ठेवते आणि खालचा खडक जास्त वेगाने कुजतो. मातीचा थर फार जाड झाला की मग वेग पुन्हा मंदावतो. म्हणजे वीतभर मातीपैकी चार बोटं गेली तर तुम्ही फक्त चार बोटं गमावत नाही, नवी माती बनवणारी यंत्रणाही गमावता. माळरानं एकदा बरड झाली की बरडच राहतात, त्यामागे चराईइतकंच हेही कारण आहे.

मग चुलत्यांच्या रानात एवढी खोल माती कशी? तिथे ती तीन वाटांनी आली. थोडी जागेवर बनली. बरीचशी वरून वाहून आली, त्यात तुमच्या माळाची आहे, आणि ओढ्याने पुरात आणून टाकलेली आहे. तिसरी वाट दिसत नाही: वरच्या खडकातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्याबरोबर झिरपत खाली येतात. तुमच्याकडे पाऊस ५०० मिमीच्या आसपास, निचरा मंद, म्हणून ही द्रव्यं सगळी धुऊन समुद्राला जात नाहीत, तिथेच साठतात. अशा जागी स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती त्या भेगांत पडून खालीवर होत राहते. तिथले पांढरे चुनखडीचे खडे म्हणजे पावसाअभावी वाहून न गेलेलं तेच कॅल्शियम. एक गैरसमज इथेच दूर करतो: ही माती काळी आहे म्हणून तिच्यात सेंद्रिय कर्ब भरपूर असतो असं नाही. बहुतेक ठिकाणी तो एक टक्क्याच्याही खाली असतो, फक्त चिकणमातीशी घट्ट बांधलेला असतो. काळ्या रंगात बेसाल्टमधल्या टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचाही वाटा मानतात.

कोकणातली लाल माती आणि जांभा तुम्ही मध्येच विचारलात, तर तेवढंच: तिथे खडक पुष्कळ ठिकाणी हाच, पण पाऊस कितीतरी पट. सिलिकासुद्धा धुऊन जाते, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या माळावर माती बनत नाही असं नाही, ती टिकत नाही. रब्बीच्या पट्ट्यात खरिपात रान नांगरून मोकळं ठेवायची रीत आहे, ओल साठवायची आणि ज्वारी पेरायची. नेमका सप्टेंबरचा जोराचा पाऊस या उघड्या रानावर पडतो. पाच मिमी जाडीचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने आदळतो. त्याने ढेकूळ फुटतं, सुटे बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं थांबतं आणि गढूळ होऊन पळू लागतं. ओघळ दिसायच्या आधीच रानभर पातळ थर गेलेला असतो. पाऊस उघडल्यावर जा आणि खड्यांकडे बघा: प्रत्येक खडा मातीच्या छोट्या खांबावर उभा दिसेल. खड्याखालची माती वाचली, बाजूची गेली. ‘दरवर्षी दगड वेचतो तरी नवे उगवतात’ असं आपण म्हणतो ते मुख्यतः याचमुळे. म्हणून कृपा करून बारके खडे वेचू नका, ते थेंबांचा मार अंगावर घेतात आणि ओलही राखतात. औताला अडतील तेवढे मोठे काढा आणि बांधाला लावा.

हिशेब ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मांडतो. ध्रुव नारायण आणि राम बाबू या मृदसंधारण शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये काढलेली देशाची सरासरी धूप हेक्टरी वर्षाला १६.४ टन आहे. म्हणजे एकरी साडेसहा टनांच्या वर, साधारण पावणेदोन ब्रास, जाडीत सव्वा मिमी. टणक खडकापासून माती बनण्याचा वेग मात्र वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा ते दहावा भाग, या घरातला असतो. सरासरी तुमच्या रानाला जशीच्या तशी लागू होणार नाही, पण आवक आणि जावक यांतली तफावत यावरून कळावी.

म्हणून पैसा आधी जावक थांबवण्यात घाला. खरिपात माळ उघडा ठेवू नका. मटकी, हुलगा, बाजरीत तूर, जे जमेल ते असू द्या. हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने काळ्या रानावर १९७६ पासून दोन पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या. खरिपात मोकळ्या ठेवलेल्या पारंपरिक रानातून हेक्टरी वर्षाला सहा टनांच्या वर माती गेली, तर रुंद सरी-वरंबे आणि दोन्ही हंगामांत पीक असलेल्या रानातून दीड टनाच्या आसपास. तुमचं रान हलकं आहे, आकडे वेगळे येतील, पण दिशा तीच राहील. पेरणी, कोळपणी उताराला आडवी करा.

बांधाबाबत तुमचा आणि चुलत्यांचा उपाय एक नाही. तुमच्या हलक्या, कमी पावसाच्या रानात समतल बांध (एकाच उंचीच्या रेषेवर घातलेले) चांगले, पाणी अडून मुरूमात उतरतं. खोल काळ्या रानात तेच बांध घातले तर पाणी तुंबतं, वाफसा येत नाही, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या पावसात तो फुटतो. तिथे जादाचं पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध हवेत. दोन्हीकडे सांडवा दगडांनी पक्का करा. बांध फुटतो तो बहुतेक सांडव्यापाशी. बांधावर मारवेल किंवा पवना गवत लावा, चाराही होईल.

आता जेसीबी. मुरूम फोडल्याने मुळांना खोली मिळते आणि पाणी मुरतं. डाळिंब, बोर, सीताफळ अशा रानात चांगली येतात, सांगोल्याला हे मी सांगायला नको. पण सलग सगळं रान उलथू नका. झाडांच्या ओळींपुरते चर घ्या, वरची वीतभर माती वेगळी काढा आणि मुरूम खाली, माती वर राहील असं भरा. ताज्या मुरूमात नत्र जवळजवळ नसतं. तो वर आला तर आहे ती मातीही पातळ होऊन वाया जाईल. चरात शेणखत आणि पालापाचोळा सढळ हाताने घाला.

तलावातला गाळ आणायचा विचार असेल तर त्याचंही गणित करा: एका एकरावर चार इंच थर द्यायला १४५ ब्रास लागतो. सगळ्या रानाला पुरवण्यापेक्षा ज्या तुकड्याला बांध घालून झालेत तिथेच टाका, आणि मुरमाड मातीत नीट मिसळा, नुसता वर पसरून ठेवलात तर सप्टेंबरात पुन्हा तलावाकडे निघेल. टाकण्याआधी गाळाचा सामू (पीएच), क्षारता आणि सोडियम तपासून घ्या, चोपण म्हणजे सोडियम जास्त असलेला गाळ आला तर चांगलं मुरमाड रान बिघडतं. चुलत्यांच्या काळ्या रानात मात्र गाळ अजिबात नको.

रानाचा उतार किती टक्के आहे आणि मुरूम कच्चा आहे की पहारीला दाद न देणारा, हे कळवलंत तर बांधांमधलं अंतर आणि चरांची खोली नक्की सांगता येईल.