जुन्या नाशकात वाड्यांच्या गल्लीत नवं ग्रंथालय बांधायचं, तर ते जुन्यासारखं दिसावं की आधुनिक?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सराफ बाजाराच्या मागची, दोन वाड्यांमधली मोकळी जागा निवडली आहे. तिथे सार्वजनिक ग्रंथालय करायचंय. तुमचे एक सर महिरपी आणि लाकडी सज्जा काढायला सांगतात, दुसरे काच आणि स्टीलचा आग्रह धरतात, आणि तुम्ही मधल्यामध्ये अडकलात. मी नाशकातच आर्किटेक्ट आहे. गावठाणातल्या वाड्यांची मोजणी आणि दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

दर्शनी भाग सध्या बाजूला ठेवा. आधी इमारतीचा छेद काढा, म्हणजे ती उभी कापली तर आत कशी दिसेल ते चित्र, आणि पुस्तकं कोणत्या पातळीवर राहणार ते ठरवा. जुन्या नाशकात एवढं ठरलं की जोतं, उंची, जिना, खिडक्या यांचं बरंचसं ठरून जातं. आणि जे ठरतं ते शेजारच्या वाड्यांशी आपसूक जुळतं, कारण त्या वाड्यांनीही याच नदीचा आणि याच पावसाचा विचार करून जोती उचलली होती.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते आणि तिच्या उजव्या काठाला जुनं गाव चढत जातं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं: कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी. १९६९ चा महापूर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर तुम्हीही पाहिले किंवा ऐकले असतील. मोठा पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत येतं. तो वाडा एकदा रस्त्यावर उभं राहून नीट बघा. खाली काळ्या दगडाचं उंच जोतं, त्यावर चढणाऱ्या पायऱ्या, आणि लाकूड सुरू होतं ते त्या सगळ्याच्या वर. पाण्यात टिकतं ते खाली, कुजतं ते वर. तुमच्या ग्रंथालयात कुजणारी वस्तू पुस्तकं आहेत.

हे इतकं ठासून सांगतेय, कारण ऐतिहासिक परिसरातल्या नव्या ग्रंथालयाचं नाव काढलं की वर्गात फ्रान्समधल्या नीम शहराचं उदाहरण येतंच. तिथे नॉर्मन फॉस्टर यांची ‘कारे दार’ ही इमारत १९९३ मध्ये झाली. ग्रंथालय आणि आधुनिक कलेचं संग्रहालय एकत्र, समोर दोन हजार वर्षांचं रोमन देऊळ. नऊ मजल्यांपैकी जवळपास निम्मे त्यांनी जमिनीखाली नेले, म्हणून इमारत शेजारच्या घरांच्या वर डोकं काढत नाही. युक्ती सुंदर आहे. आपल्याकडे अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी १९६२ च्या सुमारास इंडॉलॉजी संस्थेची हस्तलिखितं अर्धवट जमिनीखालच्या मजल्यावर ठेवली, तेही तिथल्या उन्हाळ्याला धरून होतं. पण सराफ बाजारात तळघरात पुस्तकं ठेवणं म्हणजे ती नदीच्या हवाली करणं. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शहरात शिरली तेव्हा काठावरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं तळघर आणि तळमजला बुडाला. चिखल आणि इंधन तेल यांच्या राड्यातून लाखो ग्रंथ बाहेर काढावे लागले. तिथली दुरुस्ती अनेक वर्षं चालली.

तेव्हा जलसंपदा खात्याची पूररेषा मिळवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम धरूच नका. दोन्हींच्या मध्ये जागा येत असेल तर लाल रेषेची पातळी छेदावर जाड रेघेने मारा आणि पुस्तकं, विजेचे पॅनल, सर्व्हर, लिफ्टचं यंत्र हे सगळं तिच्या वर ठेवा. खाली काय? वर्तमानपत्रांचा कक्ष, व्याख्यानाची जागा, मुलांचा कोपरा. शहाबादी फरशी, हलवता येईल असं फर्निचर, घासून धुता येतील अशा भिंती. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांत पुन्हा माणसं बसली पाहिजेत.

दुसरी गोष्ट वजनाची. शेजारचा एखादा वाडा मिळाला तर त्यातच रॅक लावू, असा मोह होईल. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६०० किलो, आणि सरकत्या दाट रॅकना १००० किलोपासून पुढे. माडीच्या कडीपाटाला, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या जमिनीला, हे झेपणारं नाही. म्हणून जुन्या वाड्यात वाचक बसवा, कार्यालय ठेवा, आणि पुस्तकांसाठी शेजारी नवा सांगाडा उभा करा. मला ही वाटणी फार न्याय्य वाटते: माणसांचा भार वाड्याने आजवर पेललाय, कागदाचा भार नव्या काँक्रीटने घ्यावा.

आता माप. वाडा खणांवर मोजतात हे तुम्हाला माहीत असेल. मी मोजलेल्या वाड्यांत दोन खांबांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी पाच-सहा फूट भरतं. वाचकाला आत शिरू देणाऱ्या ग्रंथालयात दोन रॅकच्या मध्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर लागतो, म्हणजे पाच फूट. खणाचं माप आणि रॅकचं माप एकच! ही जुळणी पहिल्यांदा कागदावर उतरली तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. नव्या इमारतीचे खांब दोन किंवा तीन खणांवर घ्या, रॅकची ओळ खणावर बसवा, खिडकी दोन ओळींच्या मधल्या वाटेवर उघडा. मग बाहेरून खिडक्यांची लय गल्लीतल्या इतर घरांसारखी पडते आणि त्यासाठी एकही महिरप लागत नाही.

फायबरच्या महिरपी आणि दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स यांना माझा ठाम विरोध आहे. शेजारी घडीव काळा दगड आणि कोरलेलं सागवान असताना त्यांची नक्कल लावणं हा त्या कारागिरांचा अपमान आहे. उलट, गल्लीभर सपाट काच लावणंही चूक. पश्चिमेचं ऊन थेट पुस्तकांवर येतं, कागद पिवळा पडतो, आणि वातानुकूलनाचं बिल ग्रंथालयाच्या अनुदानातून भागत नाही. विटा, चुना, उघडं काँक्रीट, दगडाचं खरंखुरं जोतं, एवढ्यात पुष्कळ करता येतं. आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला कोपरगावला जाऊन शाळेतलं माया सोमय्या ग्रंथालय बघून या. समीप पडोरा यांच्या स्टुडिओने पातळ विटांच्या थरांची कमान उभी केली आहे आणि मुलं तिच्या पाठीवरून चालत जातात. तिथे जुनं गाव शेजारी नाही, पण विटेतून किती नवं काढता येतं ते कळतं.

गल्लीशी नातं कसं ठेवायचं यासाठी जर्मनीतल्या म्युन्स्टरचं शहर ग्रंथालय बघा, बोल्स आणि विल्सन यांचं, १९९३ चं. इमारत त्यांनी दोन भागांत चिरली, मधून पायवाट ठेवली, आणि त्या वाटेच्या टोकाला जुन्या चर्चचा मनोरा दिसतो. दोन्ही भाग वरून पुलाने जोडले आहेत. तुमच्या जागेत दोन वाड्यांच्या मध्ये बोळ असेलच. तो बुजवू नका. उंच जोतं घेतलं की चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो, आणि १ ला १२ या प्रमाणात १.२ मीटर जोत्याला तो १४.४ मीटर लांब होतो, मधले थांबे वेगळे. लहान जागेत विद्यार्थी इथेच हात टेकतात. तो उतार बोळात घ्या. गावाची वाट आणि ग्रंथालयाची वाट एकच होईल, आणि आजोबा-आजींना मागच्या दाराने आत यावं लागणार नाही.

ओटा मात्र विसरू नका. जुन्या वाड्याच्या ओट्याची दगडी कड हात लावून बघा, मधोमध गुळगुळीत झालेली असते, पिढ्यान् पिढ्या माणसं तिथेच टेकलेली. सदस्य नसलेला माणूस ग्रंथालयात पहिल्यांदा येतो तो असाच, टेकून पेपर वाचायला. त्याला पावती न मागता बसता येईल अशी सावलीतली जागा रस्त्यालगत द्या.

आपल्या गावाची वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची, सार्वजनिक वाचनालयाइतकी जुनी. पण आज ग्रंथालयाच्या खुर्च्या भरतात त्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी. सकाळी डबा घेऊन येतात, रात्री उठतात. त्यांच्यासाठी अभ्यासिका वेगळ्या दाराची करा, ग्रंथालय बंद झाल्यावरही चालू राहील अशी. प्लग, पिण्याचं पाणी, मुलींसाठी नीट स्वच्छतागृह, दुचाकी लावायला जागा. ज्युरीला हे किरकोळ वाटेल, तरी नकाशात दाखवाच. अभ्यासिका आतल्या उघड्या चौकाभोवती मागे घ्या आणि गल्लीच्या बाजूला जाड भिंत ठेवा, कारण बाजाराचा, आरतीचा आणि मिरवणुकीचा आवाज थांबणार नाही, थांबावा असंही मला वाटत नाही. चौकावर काचेचं छत टाकू नका, उन्हाळ्यात भट्टी होते. चारी बाजूंनी छपराच्या कडा खोल बाहेर काढा.

खोदकामाबद्दल. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीच्या टेकाडावर उत्खनन केलं तेव्हा सातवाहनांच्याही आधीच्या वस्तीचे थर मिळाले होते. तुमच्या जागेखाली काय आहे ते चाचणीचे खड्डे घेतल्याशिवाय कळणार नाही. तिवंधा, तांबट लेन, शनी चौक इथे रस्त्याखाली पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद आहेत, रंगपंचमीला उघडतात आणि एरवी बंद असतात, त्यामुळे जड गाडी कुठून आणायची हे आसपासच्या लोकांना विचारूनच ठरवा. शेजारच्या वाड्याच्या विटा मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या असतात. पाया त्याला लागून खोल नेला तर पावसाळ्यात तो वाडा बसेल. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्या यादीत आपल्यामुळे भर पडायला नको. आणि जवळ संरक्षित स्मारक आहे का ते पुरातत्त्व खात्याकडे आधीच विचारा. केंद्राच्या संरक्षणाखालच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित वास्तूंचे नियम वेगळे.

पूररेषेची पातळी आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या जोत्यांची उंची मोजून झाली की १:१०० चा छेद इथेच टाका. खिडक्यांचं आणि विटांचं मग बोलू.