फिजिक्स, गणित की लॉ, ठरवायच्या आधी एवढं बघ

बाळ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बीएस्सी संपत आलंय, फिजिक्समध्ये मार्क चांगले, गणित आवडतं, आणि मामा म्हणतायत लॉ कर, बेळगावातच राहून होतंय, पुढं त्यातच पीएचडी कर. आणि तू विचारतेस "खरं संशोधन" कशात आहे. अगं तिन्हीत आहे की. पण एखादी गोष्ट सिद्ध झाली असं कधी म्हणायचं, हे तिन्हीकडं पार वेगळं आहे, आणि तुला पुढची पाच-सहा वर्षं त्याच्याबरोबर काढायची आहेत. म्हणून विषय आवडतो का याच्याआधी मी हे बघायला सांगेन.

फिजिक्सचं बघ. 2011 साली ओपेरा नावाच्या प्रयोगात असं मोजमाप आलं की सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण 730 किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचले. प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही असं फिजिक्स मानतं, म्हणून जगभर गाजावाजा झाला. त्या लोकांनी जाहीर करायच्या आधी कितीतरी महिने आकडे तपासले होते, आकडेमोड चोख होती, आणि शेवटी सापडलं काय, तर ऑप्टिकल फायबरची एक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती! प्रयोग करणाऱ्याचा बराच जन्म असल्या केबली शोधण्यात जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये रीडिंग वेडंवाकडं आलं की तुला नुसता वैताग येतो, की असं का आलं म्हणून तू तिथंच बसून राहतेस, हे आठवून बघ.

गणितात केबल नसते, पण तिथं थोडंसं चुकलं असं काही नसतंच. अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञानं 1993 च्या जूनमध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची, म्हणजे साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या कोड्याची, सिद्धता सांगितली, नंतर तपासताना तिच्यात एक भोक सापडलं, आणि बाकी शेकडो पानं बरोबर असूनसुद्धा प्रमेय सिद्ध झालेलं नव्हतं. रिचर्ड टेलरला सोबत घेऊन 1994 मध्ये त्यानं ते बुजवलं तेव्हा कुठं झालं.

आणि लॉ. केशवानंद भारतींचा खटला तू ऐकला असशील, ते स्वामी कासरगोडच्या एडनीर मठाचे, म्हणजे तेही सीमाभागातलेच. 1973 चा निकाल, 13 न्यायाधीश, 11 वेगवेगळी निकालपत्रं, आणि 7 विरुद्ध 6 असं बहुमत. एका मतानं घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे संसदेलाही घटनादुरुस्ती करून मोडता येत नाही असा घटनेचा गाभा, ठरली आणि आजही ती धरूनच कोर्टं चालतात. गणितात मतदान होत नाही बघ, इथं होतं. पण म्हणून लॉमधलं संशोधन ढिलं असतं असं समजू नकोस. त्या 11 निकालपत्रांतलं नेमकं कुठलं वाक्य बंधनकारक, कुठलं न्यायाधीश जाता जाता बोलून गेले, पुढं कुणी ते फिरवलं का, हे एकेक परिच्छेद धरून शोधायला गणितवाल्याचीच चिकाटी लागते.

आपल्या सीमाप्रश्नाचंच घे ना. मतं घरोघरी आहेत, जेवताना भांडणं होतात. पण घटनेच्या कलम 3 नं राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला दिलाय, आणि महाराष्ट्रानं 2004 साली कलम 131 खाली थेट सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, आता या दोन कलमांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न कुणाची बाजू न घेता मांडता येतो आणि तिथून अभ्यास सुरू होतो. किंवा शहापूर बघ. आज बेळगावातून चालत जाताना कळतसुद्धा नाही, पण शहापूर सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. मग दोन्हीकडच्या जमिनींचे, वारशाचे, वतनांचे वाद कुठल्या कायद्यानं सुटायचे, आणि विलीनीकरणानंतर त्या जुन्या हक्कांचं काय झालं? यासाठी जुने मोडीतले कागद वाचता यायला हवेत, आजचे उतारे कन्नडमध्ये, निकाल इंग्रजीत. मराठी मीडियममध्ये शिकले म्हणून तू लाजतेस, पण तुला मराठी-कन्नड दोन्ही येतं, मोडी सहा महिन्यांत शिकशील, हे काम दिल्लीचा हुशारातला हुशार पोरगा करू शकणार नाही. मला स्वतःला विचारशील तर मी यासाठी लॉकडं झुकेन, पण पुढची वर्षं तुला काढायची आहेत.

घरी पैशाची काळजी असेल तर सांग की जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, ती ज्या परीक्षेतून मिळते ती नेट तिन्ही विषयांत देता येते. गाईड ठरवायच्या आधी त्यांच्याकडं पीएचडी करणाऱ्या दोघातिघांना गाठून चहा पाज आणि विचार, सर चॅप्टर वाचून परत किती दिवसांत देतात. जुने प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत. आणि आठ दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे पाठवा असे मेसेज येतील, त्यांना उत्तरच देऊ नकोस.

आता एवढं कर, आर्काइव्ह (arXiv) या फुकट वेबसाइटवरचा फिजिक्सचा एक पेपर, गणितातली एक पूर्ण सिद्धता आणि सुप्रीम कोर्टाचा एक निकाल, तिन्ही पेन घेऊन वाच, समजलं नाही तिथं खूण कर. मग मला पानभर लिहून पाठव की कुठल्या खुणांकडं तू दुसऱ्या दिवशी आपणहून परत गेलीस.