चियापानेकसारखी मेलेली भाषा जुन्या नोंदींवरून परत बोलायला शिकता येईल का?

बोलायला? नाही. ही मेक्सिकोतली भाषा ओटोमांगे भाषाकुटुंबातली, या कुटुंबातल्या भाषांत सूर बदलला की शब्द बदलतो आणि तिच्या नोंदी करणाऱ्या स्पॅनिश पाद्र्यांनी सूर लिहिलेच नाहीत, मग उच्चार आणणार कुठून. पण म्हणून त्या नोंदी टाकाऊ आहेत असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून हे उत्तर लिहितोय.

एमएला असताना मी सेमिनारसाठी हाच विषय घेतला होता. मेक्सिकोतल्या चियापा दे कोर्सोकडची ही भाषा, तिचं व्याकरण लिहिलं फ्राय अल्बोर्नोसनी आणि ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक बार्रियेन्तोसनी, दोघंही डोमिनिकन पंथाचे पाद्री, आणि पिनार या फ्रेंच अभ्यासकानं ते दोन्ही 1875 मध्ये पॅरिसला एकत्र छापलं. मी महिनाभर स्कॅन घेऊन बसलो, व्याकरणात दिलेलं क्रियापदाचं रूप शिकवणीत खरंच येतं का ते एकेक करून वहीत उतरवत होतो. सर वही न उघडताच म्हणाले, पाद्र्याचं भाषांतर म्हणजे भाषा नव्हे, विषय बदला. सगळ्या वर्गासमोर. मी गप्प बसलो, ते अजून सलतं.

अहो, आपल्या कोकणीचं पहिलं छापील व्याकरण कोणाचं? थॉमस स्टीफन्सचं, 1640, गोव्यातलं राशोल. त्याआधी 1622 मध्ये त्याचीच शिकवण. अगदी हीच जोडी! ते चालतं, मग हे का नाही? आणि चियापानेकची सख्खी बहीण मांगे, निकाराग्वातली, जिच्यावरून (आणि मेक्सिकोतल्या ओटोमी भाषेवरून) अख्ख्या कुटुंबाला नाव मिळालं, तिचं तर असं पुस्तकसुद्धा नाही. बेरेंट हा भाषा-अभ्यासक 1874 मध्ये तिथल्या मासायाकडे गेला तेव्हा मोजके म्हातारे उरले होते, त्यांच्याकडून मिळाले तेवढे शब्द त्यानं उतरवून घेतले आणि ते ब्रिंटन या अमेरिकन अभ्यासकानं 1886 मध्ये छापले. त्या मानानं चियापानेककडे वाक्यं आहेत, सलग मजकूर आहे!

हां, शिकवणीत पाप, पुण्य, कबुलीजबाब खूप आणि चूल, भांडण, बाजार जवळपास नाही, आणि वाक्यरचना स्पॅनिशच्या मागे ओढली गेली असणार, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण म्हणून वही उघडायचीच नाही?

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी शिकवण वाचा, व्याकरण नंतर, आणि गाईडकडे जाताना एकच पान नीट सोडवून न्या, ते समोर ठेवा आणि वाचल्याशिवाय उठू देऊ नका. मी तेव्हा उठू दिलं.