एका वेळी एकच गाणं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, परवा रात्री तू पाठवलेली गाणी सकाळी उठून बघितली. बोटानं सरकवत गेले तरी यादी संपेना. कोरियन, पंजाबी, जुनी नाट्यपदं, कुणा नव्या पोराचं रॅप, आणि प्रत्येकाखाली तेच, ‘काकू, लई भारी, ऐकाच.’ तुला गाण्यानं इतकं वेड लावलंय हे बघून फार बरं वाटलं. आपल्या कोल्हापुरात या वेडाला मान आहे. म्हणूनच हे फोनवर बोलून सोडून देण्यापेक्षा नीट लिहून सांगावं असं ठरवलं.

त्यातलं आधी कुठलं ऐकलं, सांगू? ते कोरियन. त्या भाषेतलं मला अक्षर कळत नाही. पण ते पाठवायच्या आधी तू जिन्यात मला थांबवून सांगितलं होतंस की, शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं गप्प होतात, एकटा आवाज उरतो आणि तिथं तुझ्या अंगावर काटा येतो. मी त्या ठिकाणाची वाट बघत ऐकत राहिले. ते आलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्या पोराचं रॅप सोडलं तर बाकीची अजून तशीच पडून आहेत. त्यांत कुठं कान द्यायचा हे तू सांगितलं नाहीस.

गाणं पाठवताना ही जागा सांगत जा. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज वर जाऊन क्षणभर थांबतो, तिसऱ्या मिनिटाला सारंगी गळ्याच्या मागं मागं येते, मुखड्यावर परतताना तबलजी कसा उचलून देतो, असं काहीतरी नेमकं. ते सांगायचं म्हणजे तुला स्वतःला गाणं चार वेळा ऐकावं लागेल. रात्रीत पंधरा-वीस गाणी पाठवणाऱ्याला तेवढी सवड नसते. म्हणून एका वेळी एकच. आणि ते एका माणसासाठी निवडलेलं. सगळ्या ग्रुपला टाकलेलं गाणं कुणाचंच नसतं, प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी ऐकेल.

आता नावांचं. हे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, तेव्हा थोडं लांबेल.

फोनवर गाणं वाजतं तेव्हा बहुतेक वेळा गायकाचं नाव ठळक दिसतं. कवी कोण, चाल कुणाची, हे शोधावं लागतं, आणि साथीला कोण होतं ते तर सहसा मिळतच नाही. तू पाठवलेल्या एकाही गाण्याबरोबर कवीचं नाव नव्हतं. 1902 साली गौहर जान यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्यानं घेत. कारण अगदी व्यवहाराचं होतं. मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोवरला जायच्या, आणि तिथल्या कारखान्यातल्या माणसांना हे गाणं कुणाचं ते कळायला हवं होतं. नाव गाण्याबरोबरच गेलं, म्हणून ते आजही तिथंच ऐकू येतं. तू पाठवतेस ते गाणंही अनोळखी माणसाच्या हाती जातंय. त्याबरोबर नावं गेली पाहिजेत.

नावांचा दुसरा फायदा तुझा स्वतःचा आहे. नवीन गाणी कशी शोधायची, असं तू विचारलं होतंस. नाव धरून चालायला लाग. ‘साधी माणसं’ या चित्रपटातलं लोहाराच्या भात्यापाशी म्हटलेलं गाणं तुला पाठ आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू त्यावर नाचली होतीस. 1965 चा हा चित्रपट आपल्या भालजी पेंढारकरांचा. संगीतकार म्हणून नाव लागलं ‘आनंदघन’. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. त्या उमेदीच्या काळात मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत याच कोल्हापुरात कामाला होत्या. पुढं भालजींच्या चित्रपटांना त्यांनी हे टोपणनाव घेऊन संगीत दिलं. एवढं कळलं की ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘तांबडी माती’ यांची गाणी आपोआप तुझ्या यादीत येतात, आणि ती ऐकताना गळ्यापलीकडची संगीतकार लता भेटते. चालीत ती कुठं मातीजवळ राहते आणि कुठं एकदम उंच जाते, हे कान देऊन बघ.

आता त्याच गाण्याचा कवी धर. जगदीश खेबूडकर, आपल्याच जिल्ह्यातले, पेशानं शिक्षक. 1972 सालच्या ‘पिंजरा’तल्या लावण्या त्यांच्या, चाली राम कदमांच्या. त्याच वर्षीच्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’मधलं देहाला तिजोरी म्हणणारं भक्तिगीतही त्यांचंच. एकाच लेखणीतून एकाच वर्षी फडावरची लावणी आणि देवापुढचं गाऱ्हाणं उतरलंय. हे मला अजूनही थक्क करतं. तुला दोन्ही माहीत असतील, पण ती एकाच माणसाची आहेत म्हणून एकापाठोपाठ कधी ऐकली आहेस का? त्या भक्तिगीताची चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. ते 1919 साली कोल्हापुरात जन्मले. तिथून पुढं गेलीस की 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं ‘गीतरामायण’ लागतं. गदिमांची 56 गीतं, आठवड्याला एक नवं. लोक पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबत, आणि त्या आठवड्यात आधीचं गीत घरात, कट्ट्यावर, शाळेत मुरत राहायचं. एका वेळी एकच गाणं हा माझा हट्ट तिथूनही आलाय.

कवी आणि संगीतकार शोधायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ चांगलं आहे. मी तेच उघडते.

शास्त्रीय संगीतात मात्र नावं गळ्यातून गळ्यात जातात. अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी घडली त्यात या गावाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. 1946 साली ते गेले आणि त्यांचा आवाज गेला. उरलं ते त्यांनी ज्यांना दिलं त्यांच्यापाशी. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, त्या दोघांकडून मल्लिकार्जुन मन्सूर, मोगूबाईंकडून त्यांची लेक किशोरीताई आमोणकर. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी आधी भुर्जी खाँकडे शिकल्या, मग केसरबाईंकडे. खाँसाहेबांना ऐकायचं तर आज या सगळ्यांच्यातून ऐकावं लागतं. एखादा राग या माणसांच्या गळ्यांत ओळीनं ऐकून बघ. आधी वेगळं काय ते जाणवेल, मग हळूहळू सारखं काय ते.

तुझ्या वयात आणखी एक मोह असतो, त्याबद्दल स्पष्ट बोलते. दुर्मीळ काही सापडलं की ते आपल्यापाशीच ठेवावंसं वाटतं, किंवा सांगितलं तरी ‘मला आधी सापडलं’ या थाटात. मागच्या महिन्यात तुझ्या मैत्रिणीनं तुझं आवडतं गाणं तिच्या स्टेटसला लावलं तेव्हा तू खट्टू झालीस. होऊ नकोस. केसरबाईंच्या एका गाण्याची गोष्ट सांगते. लहानपणी केसरबाई काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या, खरी तालीम पुढं अल्लादिया खाँसाहेबांची. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पृथ्वीचं संगीत सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर पाठवायचं ठरलं. रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकानं सुचवलं की भारताकडून केसरबाईंची भैरवी घ्या. ती ध्वनिमुद्रिका सहजी मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात तिच्या जुन्या प्रती सापडल्या. त्या तबकडीवर भारतीय संगीताचा तेवढाच एक नमुना आहे, साडेतीन मिनिटांचा. (मराठीतला नमस्कारही तिच्यावर आहे, तोही ऐक.) यानं निघाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. 2012 मध्ये व्हॉयेजर-1 सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. हे सगळं का झालं? एका जाणकार रसिकानं नेमकं एक गाणं निवडलं, गाणारीचं नाव घेतलं आणि योग्य माणसांच्या कानावर घातलं. ते गाणं मला आधी सापडलं होतं, असं म्हणत तो बसला नाही.

ती भैरवी साडेतीन मिनिटांची का, हेही पाठवताना सांग. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. तासभर राग मांडणारी माणसं तेवढ्या वेळात सगळं बसवत. नव्या ऐकणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर त्याला वाटतं, हे सुरू होता होताच संपलं. ठाऊक असलं तर तो प्रत्येक स्वराकडं लक्ष देतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत खरखर असते, तीही आधी सांगून टाक. पहिल्या मिनिटानंतर कान तिच्यापलीकडं जातो. कधी कधी तबकडी चुकीच्या गतीनं चढवलेली असते, मग आवाज उगाच पातळ आणि चढा लागतो. अशा वेळी दुसरी प्रत शोध. रागाचं नावही चुकीचं लिहिलेलं सापडतं, तेव्हा खात्री नसेल तर नाव लिहू नकोस. आणि ज्याला पाठवशील त्याला इयरफोन लावायला सांग. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज आणि बायाँची, म्हणजे डग्ग्याची, घुमारी येतच नाही.

कुणाला काय पाठवायचं, हे माणूस बघून ठरव. तुझी आजी दुपारी भाकरी झाल्यावर अर्धा तास पडते, तेव्हा तिला रॅप नको. पण त्या पोराच्या रॅपमधले शब्द गावरान आणि ठसकेबाज आहेत. ते तू वाचून दाखवलेस तर ती नक्की हसेल आणि मग ऐकेलही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्या तुझ्या भावाला बसमध्ये संथ, लांबलचक बडा ख्याल कळणार नाही, त्याला मन्सूरांचा एखादा छोटा, धावता तुकडा दे. पाठवल्यावर लगेच ‘ऐकलंस का? ऐकलंस का?’ असा तगादा लावू नकोस. गाण्याला दिवस लागतात. नाही आवडलं तर नाही आवडलं. भांडू नकोस, काय खटकलं ते विचार. त्यातूनच त्या माणसाचा कान तुला कळेल आणि पुढच्या वेळी तू अचूक निवडशील.

आणि घेतही जा. तू देतेस भरपूर, पण तुझ्या आईला कुठलं गाणं आवडतं, हे तुला माहीत आहे? विचार तिला. माझ्या माहितीत एक लावणी आहे जी ती फक्त भांडी घासताना गुणगुणते.

प्रत्यक्ष ऐकायला जात जा, हेही सांगून ठेवते. देवल क्लब 1883 पासून या गावात गाणं ऐकवतोय. तिथल्या छोट्या बैठकीत गायकानं समेवर येताना बाजूच्या म्हाताऱ्यानं दिलेली दाद कुठल्याच ध्वनिमुद्रणात येत नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये आग लागली तेव्हा तू किती रडलीस ते मी पाहिलंय. शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 सालचं ते थिएटर. तू तिथं जेमतेम एखादं नाटक पाहिलं असशील, तरी रडलीस. म्हणून म्हणते, जे चालू आहे तिथं तिकीट काढून जा. नव्या पोरांच्या कार्यक्रमांना तर आधी जा.

शेवटी एक काम देते. तुझ्या पेठेतल्या तालमीपुढं गणपतीत हलगी, घुमकं आणि कैताळ वाजतं. मागच्या वर्षी तू त्याचा व्हिडिओ काढलास आणि खाली लिहिलंस, ‘कोल्हापूरचा नाद’. व्हिडिओ सुंदर आहे. पंचगंगेच्या वाटेवर हलगीवाला टिपरी एकदम हलकी करतो, घुमकं एकटं उरतं आणि मग सगळे मिळून उसळतात, ती जागा तू बरोबर पकडली आहेस. पण तो वाजवणारा कोण? हजारो लोकांनी त्याचे हात बघितले आणि नाव कुणालाच ठाऊक नाही. या गणपतीच्या आधी त्याला गाठ. आधी विचार की व्हिडिओ टाकलेला चालेल का, नाव घातलेलं चालेल का. मग विचार की हलगी कुणाकडून शिकला, चामडं तापवून चढवायला किती वेळ लागतो, तो स्वतः कुणाची हलगी ऐकायला जातो. तो ज्याचं नाव घेईल त्यालाही भेट. हे सगळं वहीत लिही, आणि त्याची हरकत नसेल तर नावानिशी पुन्हा पाठव. पहिल्यांदा मला पाठव.

तुझी,
काकू

ता. क. त्या रॅपवाल्या पोराचा कवी तोच आहे की दुसरा कुणी, तेवढं कळव. मला त्याची आणखी गाणी ऐकायची आहेत.